फिरता कारखाना

ट्रेलर हलला तेव्हा मीरासाहेब आत होता. आधी चाकांखालच्या विटा ओढून काढल्याचा आवाज आला, मग बाहेरून दाराची कडी पडली, आणि मग असा हिसका बसला की भिंतीवर टांगलेल्या कानशी एकमेकींवर आपटल्या आणि मीरासाहेब स्टुलावरून थेट खाली, लाकडाच्या भुशात बसला. भुशात बसल्या बसल्या त्याच्या मनात जो पहिला विचार आला तो भीतीचा नव्हता, रागाचाही नव्हता. म्हणजे हा चालतो तर, असं त्याला वाटलं, आणि क्षणभर बरंही वाटलं. लष्कराच्या लिलावातून आणून घरामागं उभा केल्यापासून हा ट्रेलर वीतभरही पुढं सरकला नव्हता. त्याच्या पत्र्यावर निळ्या रंगात 'फिरता कारखाना' असं ठळक लिहिलेलं होतं, आणि त्याखाली बारीक अक्षरात, 'येथे बिलियर्डच्या काठ्या दुरुस्त करून मिळतील'. पिंपळे सौदागरातली टवाळ मंडळी येता-जाता विचारायची, काय मीरासाहेब, कारखाना आज कुठवर फिरून आला? तर तो आज निघाला होता. फक्त कुठं निघाला, हे मालकाला माहीत नव्हतं.

ट्रॅक्टर मात्र त्यानं आवाजावरून ओळखला. फुटक्या सायलेन्सरचा असा फटफटाट दुसऱ्या कुणाच्या ट्रॅक्टरला नव्हता. हा लालमहंमद, सलिमाचा धाकटा भाऊ, निघोज्याचा. बायकोचा भाऊ कडी लावून आपला कारखाना ओढून नेतोय म्हटल्यावर बाकीचं समजायला पंचांग नको होतं. मागच्याच आठवड्यात हा लालमहंमद ट्रेलरमध्ये डोकावला होता, विती टाकून त्यानं लांबी-रुंदी मोजली होती आणि म्हणाला होता, "आपा, ह्याच्यात शेळ्या लई झ्याक बसतील गं." आणि सलिमा हसली होती. मीरासाहेब तेव्हा अंगणात विडी ओढत होता आणि त्याला ते हसणं मुळीच आवडलं नव्हतं. बायको रागावली तर माणूस समजूत घालतो. हसली तर काय करायचं? आज खंडेनवमी. गावोगाव माणसं आपापली हत्यारं, अवजारं, गाड्या धुऊनपुसून पुजत होती, आणि त्याचा कारखाना त्याच्यासकट शेळ्यांच्या गोठ्याला चालला होता. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

ओरडावं, हे त्याला सुचलं नाही असं नाही. तोंड उघडलंही होतं. पण ओरडून बाहेर पडल्यावर सांगायचं काय? कारण हिशेबानं मीरासाहेब या घटकेला ट्रेलरमध्ये नव्हताच. तो लक्ष्मणरावांच्या घरी होता. सकाळी धुतलेला सदरा घालून, केसांना पाणी लावून, तो सलिमाला तसं सांगूनच निघाला होता. लक्ष्मणराव म्हणजे फाउंड्रीतल्या पॅटर्न शॉपचे फोरमन. मीरासाहेबानं नोकरी सोडली तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला होता आणि तरीही म्हणाले होते, "मीरासाहेब, दसऱ्यापर्यंत तुझी जागा मी धरून ठेवतो. तोवर तुझं खूळ उतरलं तर सोनं द्यायला घरी ये आणि दुसऱ्या दिवसापासून शिफ्टला लाग. न्हाई आलास तर जागा दुसऱ्याची. मग माझ्या दारात येऊ नको." दसरा उद्यावर आला होता आणि फिरत्या कारखान्याला अजून एकही गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. एक मिळालं असतं तरी मीरासाहेब लक्ष्मणरावांकडं ताठ मानेनं गेला असता आणि नाही म्हणून आला असता. एकही न मिळता नाही म्हणायला वेडाच्या इस्पितळाचा दाखला लागतो. म्हणून आज आदल्या दिवशीच जाऊन होकार द्यायचा, असं ठरवून तो घराबाहेर पडला, बाभळींपर्यंत गेला, आणि त्याचे पाय आपोआप वळले. बाभळींच्या आडून घराला वळसा घालून तो चोरासारखा आपल्याच ट्रेलरमध्ये येऊन बसला होता. थोडा वेळ बसू, मग जाऊ, असं म्हणत. आता ओरडला असता तर हे सगळं मेव्हण्यापुढं सांगावं लागलं असतं. आणि ओरडण्याचं असं आहे की ते पहिल्या हिसक्यालाच साधलं तर साधलं. एकदा का ट्रेलर गावाबाहेर पडला, की मग एवढा वेळ का नाही ओरडलास, या प्रश्नाचंही उत्तर द्यावं लागतं. जितका उशीर तितकी लाज मोठी. मीरासाहेबानं तोंड मिटलं.

पत्र्याच्या वरच्या अंगाला हवेसाठी भोकं होती, पण ती इतकी उंच की त्यांतून फक्त आभाळ दिसायचं. तरी मीरासाहेबाला रस्ता कळत होता. नदीवरच्या पुलावर चाकांचा आवाज पोकळ झाला, म्हणजे पवना गेली. मग औषधाच्या कारखान्याचा तो आंबूस, आजारी माणसाच्या खोलीसारखा वास आला, म्हणजे पिंपरी आली. मग ट्रॅक्टर बराच वेळ थांबून नुसताच धडधडत राहिला आणि पलीकडून मालगाडी गेली, म्हणजे रेल्वेचं फाटक. आपल्याला हे सगळं न बघता कळतंय, याचा त्याला त्या परिस्थितीतही थोडा अभिमान वाटला. माणसाचं मन मोठं चमत्कारिक असतं. घर जळत असलं तरी ते स्वतःशी म्हणतं, पण मला वास सगळ्यांत आधी आला. ट्रॅक्टरकडं पाठ करून, लाकूड तासायच्या लेथच्या चौकटीला टेकून तो बसला होता. फाटक ओलांडून हमरस्ता लागला तेव्हा त्याचं अंग डावीकडं कललं. म्हणजे ट्रेलर उजवीकडं वळला. उजवीकडं कासारवाडी, मग भोसरी, मोशी, चाकणची वाट आणि निघोजे. शंकेला जागाच उरली नाही. त्याला शेळ्यांचा वाससुद्धा आतापासून यायला लागला.

वीस वर्षं त्यानं पॅटर्न केले होते. पॅटर्न म्हणजे यंत्राच्या भागाची लाकडी प्रतिमा. ती वाळूत दाबून बसवायची, तिचा ठसा उमटला की अलगद काढून घ्यायची, आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. लोखंडाचा भाग तयार होतो, ट्रकात बसतो, ट्रक मुलूखभर हिंडतो. लाकूड धूळ खात फळीवर. एकदा गेटातून नवाकोरा ट्रक बाहेर पडताना त्यानं आपल्या मुलीला, बिल्किसला, उचलून दाखवला होता. ह्याच्यात अब्बाचं काम हाय, असं म्हणाला होता. ती तेव्हा लहान होती. तिनं ट्रककडं खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, कुठाय? मीरासाहेब सांगायला गेला आणि त्याच्या लक्षात आलं की सांगण्यासारखं काही नाही. त्याचं लाकूड त्यात कुठंच नव्हतं. त्याच्या लाकडाच्या नसण्यातून तो ट्रक झाला होता. हे पोरीला कसं समजवायचं, नि स्वतःला तरी कसं. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. सलिमाला वाटलं, कालवणात मीठ जास्त झालं.

मग एकदा त्याला आकुर्डीच्या बाजूला एका कंपनीच्या ऑफिसर लोकांच्या क्लबात पाठवलं, बिलियर्डच्या टेबलाचा पाय डगमगत होता तो बसवायला. असलं टेबल त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. हिरव्या बनातीचं, चार माणसं सहज झोपतील एवढं, आणि त्याच्यावर तीन चेंडू. एवढ्या मोठ्या जागेत तीनच चेंडू म्हटल्यावर हा खेळ श्रीमंतांचा असणार हे त्याला न सांगता कळलं. पाय बसवून झाल्यावर क्लबाचा मार्कर कोंडीराम, म्हणजे टेबलाची देखभाल करणारा आणि साहेबांचे गुण मोजणारा माणूस, त्याला म्हणाला, "मिस्त्री, ही एक काठी न्या जळणाला. वाकडी झालीया." मीरासाहेबानं ती काठी हातात घेतली. बोटांवर तोलली. टेबलावर ठेवून हलकेच ढकलली, आणि ती घरंगळताना नाचली. शेवटाकडं अगदी एवढासा बाक होता, पण तो बाक त्याच्या छातीत कुठंतरी जाऊन बसला. जळणाला नेलेली ती काठी त्यानं रोज थोडी ऊब देऊन, दाब देऊन, पुन्हा सैल सोडून, समजूत घालत घालत सरळ केली, टोकाची पितळी टोपी नवी बसवली, टोपीवर कातड्याची चकती चिकटवली. मग ती डोळ्यापुढं धरून बघितली, आणि त्याला जे वाटलं ते त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखे शब्द नव्हते. हे लाकूड लाकूडच राहणार होतं. त्याचं पुढं लोखंड होणार नव्हतं. ते जे होतं तेच त्याचं काम होतं.

तिथून त्याला सरळपणाचं वेड लागलं. दुसऱ्या माणसांना दारूचं लागतं. घरातलं लाटणं त्यानं ओट्यावर लोळवून बघितलं, ते नाचलं, म्हणून तासून सरळ केलं, आणि ते इतकं बारीक झालं की सलिमा त्याला पेन्सिल म्हणायला लागली. शेजारच्या अर्जुनरावांची छत्री, मशिदीतल्या झाडूचा दांडा, बिल्किसच्या शाळेतली पट्टी, कशातही त्याला बाक दिसे. वाटेनं चालताना समोरच्या माणसाचा डावा खांदा उतरलेला दिसला की त्याला अस्वस्थ वाटे. दुरुस्त केलेली काठी परत द्यायला तो बसनं निघाला, तर सगळ्या बसला त्या काठीनं धंदा दिला. एकानं विचारलं बासरी आहे का, एकानं बंदुकीची नळी म्हटलं, एक म्हातारी आपल्या सुनेला म्हणाली, बघ, एवढी मोठी काठी घेऊन चाललाय, बायकोला मारत असंल. कंडक्टर काठी आडवी धरू देईना, उभी उचलून धरली तर छताला लागे. आकुर्डीला उतरेपर्यंत तिच्या नव्या टोकाचं कातडं कुणाच्या तरी डब्यातल्या वरणात बुडून निघालं होतं. कोंडीरामनं काठी घेतली, खूश झाला, पण म्हणाला, "बाकीच्या न्हेऊ देनार न्हाईत. काठी क्लबाच्या भाईर जात न्हाई, कायदा हाय. मोडली की सायेब नवी मागवतो." मीरासाहेबानं खडकीच्या, देहूरोडच्या लष्करी मेसमध्ये चौकशी केली, चिंचवडला केली. सगळीकडं तोच कायदा. तेव्हा परतीच्या बसमध्ये त्याच्या डोक्यात तो विचार आला, आणि आल्याबरोबर तो इतका सोपा वाटला की इतकी वर्षं कुणाला सुचला कसा नाही याचंच नवल वाटलं. काठी दुकानाकडं येत नसेल तर दुकानानं काठीकडं जावं.

आधी कळस मग पाया, ही म्हण ज्यानं केली त्याला मीरासाहेब भेटलेला असणार. लिलावातला ट्रेलर आला, रंग आला, पाटी आली, कानशी, रंधे, सरस, कातड्याच्या चकत्या, सगळं जागच्या जागी लागलं. ओढायला कोण, हा प्रश्न ट्रेलर घरामागं येऊन उभा राहिल्यावर बिल्किसनं विचारला. तोवर तो कुणालाच पडला नव्हता. बरं, लेथ पायानं चालवायचा, कारण क्लबाच्या आवारात वीज कोण देणार? तर लेथला पायटा हवा म्हणून त्यानं सलिमाच्या शिलाई मशिनीचा लोखंडी पाय काढला. ती चार दिवस निघोज्याला गेली होती, तेवढ्यात. परत आली, मशीन जमिनीवर मांडलेलं बघितलं, पाट ओढला आणि बसली. तेव्हापासून ती पाटावर बसून हातानं मशीन फिरवते आणि मीरासाहेब त्या खोलीत शक्यतो जात नाही. एवढं करून पहिल्यांदा लेथवर पाय मारला, तर प्रत्येक पायाबरोबर सगळा ट्रेलर मान डोलवायला लागला. लेथवरची काठी सरळ होण्याऐवजी लाटेसारखी निघाली. ट्रेलर स्प्रिंगांवर असतो, हे त्याला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं निराळं आणि पायाखाली येणं निराळं. शेवटी त्यानं चाकांखाली विटा रचल्या. म्हणजे कारखाना फिरला तर काम होत नव्हतं आणि काम करायचं तर कारखाना विटांवर चढवून ठेवायला लागत होता. त्या दिवशी विटा बसवताना सलिमा दारात उभी होती. तेव्हाही ती हसली होती का? त्यानं आठवून बघितलं. आठवेना. पण हसली असणार असं त्यानं आता ठरवून टाकलं.

हळूहळू त्याला फार वाईट वाटायला लागलं. ट्रेलर जाणार याचं नव्हे. ते तर आज ना उद्या व्हायचंच होतं. पण सलिमानं एक शब्द न सांगता, तो नोकरीवर परत जायला पायरी उतरतो न उतरतो तोच, भावाला बोलावून माती सारली, हे त्याला लागलं. एवढी घाई? एक रात्र तरी थांबायचं होतं. मेलेल्या माणसालासुद्धा न्हाऊ घालून नेतात. त्याला आपल्याच विचारानं रडू यायला लागलं आणि भुशानं शिंकही यायला लागली. दोन्ही एकदम येत असली की माणसाला धड काहीच करता येत नाही. तेवढ्यात भोकांतून कांद्याचा वास आला. भरपूर कांदा. चाकणचा बाजार. पुढं निघोजे कितीसं. ट्रेलर वळला, खडीवर चाकं करकरली, ट्रॅक्टर बंद झाला. आता दार उघडेल, शेळ्या आत येतील आणि त्यांना मी दिसेन, असं मीरासाहेबाच्या मनात आलं. शेळ्या तरी काही विचारणार नाहीत.

पण बाहेर शेळ्या नव्हत्या. बाहेर सलिमाचा आवाज होता.

"हे बघा कोंडीरामभाऊ, आनला कारखाना," ती म्हणत होती, आणि तिचा आवाज असा खणखणीत लागला होता की जणू ती पलीकडच्या शेतातल्या माणसाशी बोलतेय. "तुमच्या घरच्या सोजरबाईनं सकाळी गिरणीत काठ्यांचं सांगितलं, तवाच ह्या लालूला धरून आनला. उशीर केला न्हाई."

"भाभी, हळू बोला, सायेब आत बसलेत," कोंडीरामचा आवाज आला. "माझं काय चुकलं ते तुमीच सांगा. आज सुट्टी म्हणून सगळ्या कंपनीत कालच मशिनी पुजल्या. मी म्हटलं, आपल्या क्लबातली हत्यारं कोनची? तर ह्या काठ्या. म्हणून पुसल्या, गोडं तेल लावलं, टोकाला जरा जास्तीच लावलं, हळदकुंकू वाहिलं, टेबलावर मांडून झेंडूची माळ घातली. हत्याराला तेल लावत न्हाईत का?"

"लावत्यात की."

"मग? तिन्हीसांजेला सायेब खेळायला आला. टोकाला लावायचा खडू बसंना, काठी चेंडूवरनं सुळकन घसरली आणि कापडाला खोच पडता पडता वाचली. मला म्हणतो, कोंडीराम, तू मार्कर हायेस का पुजारी? आनि उद्या, दसऱ्याला दुपारी, पुण्याची मंडळी खेळायला यायचीत. दसऱ्याचं सगळं बंद, नव्या काठ्या मिळनार कुठनं? म्हणतो, तुझ्या देवाला म्हणावं, आता तूच खेळ. माझी नोकरी जाती भाभी."

मीरासाहेब भुशात गुडघ्यांवर उठला. तो निघोज्यात नव्हता. आकुर्डीला होता. कांदा क्लबाच्या भटारखान्यात परतला जात होता. आणि फाटकापाशी ट्रेलर डावीकडं वळला होता, कारण तो पाठमोरा बसला होता आणि एवढी साधी गोष्ट त्याच्या हिशेबातून राहून गेली होती. सरळ लाकूड ओळखणाऱ्या माणसाला स्वतःची डावी-उजवी ओळखता येऊ नये, याची त्याला लाज वाटली असती, पण लाज वाटायला वेळ नव्हता. सलिमा बोलत होती.

"काय घाबरू नका. आमचे हे म्हंजी साधे सुतार न्हाईत. वीस वरसं पॅटर्न शॉपात काढली. सुताएवढा बाक दिसला तर त्यांच्या घशाखाली घास उतरत न्हाई. माझ्या घराचं दार आजपातुर कधी कुरकुरलं न्हाई."

दार कुरकुरत होतं. रोज कुरकुरत होतं. मीरासाहेब अंधारात डोळे विस्फारून ऐकत राहिला.

"फोरमन नोकरीला परत बोलावतोय. माझ्याकडं निरोपावर निरोप. मी सांगितलं, न्हाई यायचे. लेथाला पाय हवा होता, तर माझ्या शिलाई मशिनीचा पाय मीच काढून दिला. म्हटलं, माझं काय, मी हातानं फिरवीन. माणसाला आपलं काम आपल्या डोळ्यांनी दिसाया नको का? वीस वरसं दिसलं न्हाई ते." मग म्हणाली, "हा लालू म्हणत होता, शेळ्या बांधू त्यात. मला हसूच आलं. म्हटलं, तुझ्या शेळ्यांना लेथ चालवता येतो व्हय रं?"

मीरासाहेबाला आता शिंक आवरणं फार कठीण झालं होतं. ती ट्रकची गोष्ट त्यानं सलिमाला कधीच सांगितली नव्हती. बिल्किसनं सांगितली असेल. म्हणजे मीठ जास्त झालं नव्हतं हे तिला तेव्हाच कळलं होतं, आणि ती एवढी वर्षं मिठाचं नाव सांगत गप्प राहिली होती. त्यानं नाक दाबून धरलं, आणि तेवढ्यात कोंडीरामनं विचारलं, "मिस्त्री कुठं हायेत पण?"

"आत. कामालाच बसल्यात," सलिमा म्हणाली.

बाई धडधडीत खोटं बोलतेय, मीरासाहेबाला वाटलं. आता ती कडी काढणार, ट्रेलर रिकामा निघेल असं तिला वाटतंय, आणि मग ती काय सांगणार या माणसाला? मीच तिची लाज राखायला पाहिजे. तो धडपडून उठला, अंगावरचा भुसा झटकला, स्टूल सरळ केलं, त्यावर बसला, हातात कानस घेतली. कानस घेतल्याबरोबर त्याला आठवलं की आज खंडेनवमी. फाउंड्रीत वीस वर्षांत या दिवशी त्यानं हत्याराला हात लावला नव्हता, कुणीच लावत नव्हतं. त्यानं कानस खाली ठेवली. मग नुसतेच हात मांडीवर ठेवून, फोटो काढायला बसल्यासारखा तो बसला. दार उघडलं. उजेडात सलिमा उभी होती, खांद्याला पिशवी. तिच्या चेहऱ्यावर नवलाचं चिन्ह नव्हतं. किती सांभाळून घेते, त्याला वाटलं, डोळ्याची पापणी हलू दिली नाही. लालमहंमदचं तसं नव्हतं. तो तोंड उघडं टाकून म्हणाला, "दाजी? तुमी आत? सगळा रस्ता?"

"मग काय," मीरासाहेब म्हणाला, आणि खाली उतरला. अनवाणी पायांना खडी टोचली.

कोंडीरामनं काठ्या आणून ट्रेलरपुढं मांडल्या. सगळ्यांना हळद, सगळ्यांना कुंकू, आणि तेल असं मुरलेलं की हातात धरली की निसटत होती. पूजेला बसलेल्या हत्यारांना उद्या सकाळी पूजा उतरल्याशिवाय दुसरं हत्यार लावायचं नाही, यावर कोंडीराम अडून बसला. एवढं सगळं होऊनही तो हटेना. मीरासाहेबाला ते पटलंच. त्याच्या हातानंही ते झालं नसतं. टोकांची कातडी उद्या उजाडल्यावर बदलू, लेथ इथंच आहे, विटा मागवून ठेवा, असं त्यानं सांगितलं. पण लाकडातलं तेल आजच निघायला हवं होतं. तो विचार करत उभा राहिला आणि त्याला लहानपणची, दिवाळीत शेजारच्या पोरांची उटण्यानं घासून घासून लाल झालेली पाठ आठवली.

"बेसन आना," तो म्हणाला. "बेसन हत्यार न्हाई."

भटारखान्यातून कांद्याच्या भज्यांसाठी काढलेलं बेसन आलं. तेवढ्यात लालमहंमद ट्रॅक्टर घेऊन विटा बघायला गेला, कोंडीराम साहेबाला सांगायला आत पळाला, आणि ट्रेलरच्या पायरीवर नवरा-बायको दोघंच एकेक काठी मांडीवर घेऊन, पोराला न्हाऊ घालावं तशी बेसन लावून चोळत बसली. फिरत्या कारखान्याचं पहिलं काम कारखान्याबाहेर, कारखान्याकडं पाठ करून चाललं होतं, पण मीरासाहेबाला त्यात काही वावगं वाटलं नाही. तेल धरून पिवळ्या गोळ्या होऊन बेसन खाली पडत होतं आणि लाकूड कोरडं, फिकट, खरं दिसायला लागलं होतं. एक काठी त्यानं डोळ्यापुढं धरली. जराशी वाकडी होती. तो तेलाचा दोष नव्हता. हिचं नंतर बघू, असं म्हणून त्यानं ती बाजूला ठेवली, आणि त्या नंतर या शब्दानं त्याला एकदम फार आनंद झाला.

"लक्ष्मणराव काय म्हणाले?" सलिमानं मान वर न करता विचारलं.

मीरासाहेबानं काठीवर आणखी चिमूटभर बेसन टाकलं. "म्हणाले, विचार करून सांग."

"मग केला इचार?"

"केला. उद्या इथलं आटपून सोनं द्यायला जाईन त्यांच्याकडं. तवा न्हाई म्हणून सांगतो."

"बरं," सलिमा म्हणाली. तिनं बेसनाचे हात पदराला पुसले, शेजारची पिशवी ओढली, तिच्यातून त्याच्या चपला काढल्या आणि त्याच्या पायांपुढं ठेवल्या. सकाळी ट्रेलरमध्ये शिरताना तो त्या दारातच काढून गेला होता. सवयीनं, घरात शिरताना काढतो तशाच, जोडीनं, भिंतीला लावून.

मीरासाहेब चपलांकडं बघत राहिला. म्हणजे आपण आत आहोत हे बघूनच हिनं कडी लावली. म्हणजे बाहेर उभी राहून एवढ्या मोठ्यानं ती जे जे बोलली ते कोंडीरामला नव्हतंच. मशिनीच्या पायाचं नाही, नोकरीचं नाही, वीस वर्षांचं तर नाहीच. बराच वेळ त्यानं एकाच जागी काठी चोळली.

"मला ठाऊक न्हवतं कुठं चाललोय ते," तो शेवटी म्हणाला. "शेळ्यांकडं न्हेताय असं वाटलं. एक हाक का मारली न्हाईस निघताना?"

"हाक मारली असती तर तुमी खाली उतरला असता," सलिमा म्हणाली, आणि तिनं पुढची काठी मांडीवर घेतली.